पान चौदावरची बाई

३ मार्च

ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर आत्ताच फाड. पण मग पुढची गंमत तुला कळणार नाही, आणि तुझ्या पोटात दुखत राहील, हे मला पक्कं ठाऊक आहे.

नऊ वर्षं झाली. आई गेल्यावर आलीस तेव्हाही तू खोलीच्या त्या कोपऱ्यात आणि मी या कोपऱ्यात. भावजी बिचारे पाण्याचा ग्लास घेऊन इकडून तिकडे. तू बोलली नाहीस, मीही नाही. आधी मान खाली घालायची नाही, हे तूच मला शिकवलंस. आता भोग.

माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. एक गोष्ट घडलीय, आणि दुसऱ्या कोणाला सांगितली तर त्याला वाटेल, ही बाई थापा मारतेय.

काल संस्थेत माझ्या नावाचं पाकीट आलं. जाड कागद. बापाच्या नावासकट माझं पूर्ण नाव, आणि त्याखाली 'विश्वस्त'. मी शिपायाला म्हटलं, अरे, चुकून आलंय, संचालक मॅडमना दे. तो म्हणाला, मॅडमचं नाव हे कधी झालं? मग उघडलं. आपल्या सगळ्यात मोठ्या देणगीदारांचं पत्र. 'गेली तीन वर्षं विश्वस्त म्हणून आपण केलेल्या नेतृत्वाबद्दल अभिनंदन.' आणि वर, माझा अनुभव चार ओळींत लिहून पाठवा म्हणे, त्यांना छापायचाय.

मी स्टुलावर बसून हसले. तोच दाराजवळचा स्टूल, एक पाय आखूड असलेला. अजून त्याच्यावरच असते मी. बैठक असली की मांडीवर वही घेऊन इतिवृत्त लिहून घेते. एरवी बाळंतिणींजवळ थांबणाऱ्या सोबतिणींच्या पाळ्या लावते, आणि एखादी आजारी पडली की स्वतः जाते बाळंतपणाला. तू शिकवलंस तसंच: हात धरायचा, पाठ चोळायची, आणि आपल्या वस्तीतल्या बाईकडे कोणी बघेना तर नर्सच्या टेबलापुढे जाऊन हलायचं नाही. मागच्या महिन्यात अकराशेवं झालं. मुलगी. तिच्या आईने माझ्या मनगटाला असा चावा घेतला की अजून वण आहे.

तर मग मी कपाटातून छापील अहवाल काढला. आजवर कधी उघडला नव्हता. ज्याचे गठ्ठे बांधतो ते कोण वाचतं? पान चौदा, 'आमचं नेतृत्व'. सात चौकटी. अध्यक्ष डॉक्टरसाहेब, त्यांचा पुतण्या, वकीलसाहेब, बँकवाले, कॉलेजवाले, मॅडम. सगळे टेकडीवरच्या बंगल्यांतले, सगळे गोरेपान. आणि सातव्या चौकटीत, आपल्या काळ्या रंगाची आणि कुरळ्या केसांची, मी! फोटो सोबतिणींच्या जुन्या ग्रुपफोटोतून कापलाय. माझ्या बाजूला तुझा खांदा राहिलाय.

खाली लिहिलंय, 'विश्वस्तांमध्ये स्त्रिया: दोन. वस्तीच्या समाजाचे प्रतिनिधी: एक.' ती एक म्हणजे मी. तीन वर्षं मी विश्वस्त आहे, आणि मला कोणी सांगितलंच नाही.

तुला हसू आलं का? मलाही आलं होतं. नंतर थांबलं.

बारकी


११ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. 'मग पुढे काय झालं?' नऊ वर्षांनी चार शब्द, ना वर नाव, ना खाली सही. तुझा चिक्कूपणा काही गेला नाही. पण कार्ड मी उशीखाली ठेवलंय, हेही सांगून टाकते.

पुढे काय होणार? मी मॅडमकडे गेले. अहवाल त्यांच्यापुढे ठेवला, पान चौदा उघडून.

"अगं, ते होय!" त्या म्हणाल्या. "ते फॉर्मसाठी होतं. देणगीदारांनी रकाने काढले, मंडळावर स्त्रिया किती, वस्तीतले किती. एक रकाना कोराच राहत होता. बरं दिसतं का ते?"

"मला विचारायचं तरी होतंत."

"तुला कशाला उगीच डोक्याला ताप? आणि खोटं काय आहे त्यात? तू प्रत्येक बैठकीला असतेसच की."

ताई, हे मात्र खरं. असतेच की मी! दर बैठकीला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हजर. मी कच्चं लिहिते, मॅडम पक्कं टाइप करून घेतात, आणि वर 'उपस्थित' मध्ये सातवं नाव माझं टाकतात. मंडळातल्या कोणालाही कधी प्रश्न पडला नाही. ते खाली सही करतात, वर वाचत नाहीत.

मॅडम वाईट नाहीत. डॉक्टरसाहेब त्यांचंही वाक्य अर्ध्यात तोडतात आणि मग तेच वाक्य स्वतःचं म्हणून बोलतात. वीस वर्षं बघतेय. इतिवृत्तात त्याला 'सविस्तर चर्चा झाली' म्हणतात. पण स्वतःचं वाक्य तुटलेलं माणूस दुसऱ्याचं जपेलच असं काही नाही.

आता खरी गोष्ट ऐक. मॅडम महिनाअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या जागी संचालक कोण? पुतण्या. आयत्या बिळावर नागोबा. सत्तावीस तारखेला बैठक आहे, नुसती मान डोलवायची. त्याचं म्हणणं, सोबतिणींनी दवाखान्यात जायचंच कशाला? फोनवरून धीर द्यायचा. त्याने यंत्रणेचं चित्र काढलंय, त्यात बाण आहेत. हा एकदाच आला होता बाळंतपण 'समजून घ्यायला'. दारातच आडवा. कळा देणारी बाई मला म्हणाली, मावशी, आधी त्यांना बघा, मला अजून वेळ आहे.

मी मॅडमकडून नियमावली मागून घेतली. म्हटलं, विश्वस्ताला मिळते ना? नियम एकोणीस, तीन वर्षांपूर्वी घातलेला, वकीलसाहेबांच्या हातचा: संचालकाची नेमणूक वस्तीच्या प्रतिनिधी-विश्वस्ताच्या लेखी संमतीशिवाय ग्राह्य धरली जाणार नाही. देणगीदारांना खूश करायला घातला, आणि विसरले. मीच लिहून घेतला होता तो, स्टुलावर बसून. माझ्याबद्दलच आहे हे मला तरी कुठे माहीत होतं!

म्हणजे माझ्या सहीशिवाय पुतण्या संचालक होत नाही. दोनदा वाच हे वाक्य. मी दहादा वाचलं.

ताई, ती खुर्ची तुझी आहे. हे काम तू उभं केलंस. मी तुझं नाव सुचवणार आहे. जुनं उगाळू नकोस. तुझ्या राजीनाम्याचं मॅडमनी सांगितलं, मी फक्त उतरवून घेतलं. तू हो म्हण, बाकी माझ्यावर सोड.

बारकी


१७ मार्च

ताई,

या वेळी एकच शब्द. 'फक्त?'

तीन दिवस कार्ड पर्समध्ये घालून फिरले. बसमध्ये काढून बघितलं, कामावर बघितलं. भांडखोर बाई, एका शब्दात माणसाची झोप उडवतेस.

बरं. ऐक तर मग.

त्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी ते एकदाही कागदावर खरं लिहिलेलं नाही. त्या बाईला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर सहा तास बसवून ठेवलं. 'या बायका उगाच ओरडतात' म्हणाले. शेवटी तू स्वतः ट्रॉली ओढलीस, तिला आत नेलंस, आणि डॉक्टर येईपर्यंत दार अडवून ओरडत राहिलीस. ती वाचली, बाळ गेलं. दवाखान्याने तक्रार केली ती तुझी. आणि डॉक्टरसाहेबांची त्या दवाखान्यात ऊठबस. तुला मंडळापुढे उभं केलं आणि म्हणाले, माफी लिहून दे.

तू जे बोललीस ते माझ्या कच्च्या वहीत आहे. शब्द न् शब्द. ती वही मी फेकली नाही, माझ्या बाजूने बोलायला एवढंच.

मग त्यांनी तुला बाहेर जायला सांगितलं. तू दाराशी आलीस, माझ्या स्टुलाजवळ थांबलीस, माझ्याकडे बघितलंस. मी वहीत बघत राहिले.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "राजीनामा दिला, एवढंच लिही." एवढंच, ताई. 'घरगुती कारणास्तव, स्वेच्छेने' हे शब्द त्यांचे नाहीत. माझे आहेत. मला कोणी सांगितले नव्हते. नुसतं 'राजीनामा दिला' उघडंबोडकं वाटलं, कोणी विचारलं असतं का दिला म्हणून, आणि मग मलाही उभं केलं असतं. मला नोकरी हवी होती. त्या वर्षी आईचं दुखणं सुरू झालं होतं, पण आईवर ढकलत नाही. मी घाबरले. तू वाघीण आणि मी मांजर, आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं ते.

तू कामगार कचेरीत गाऱ्हाणं घेऊन गेलीस तेव्हा तिथल्या माणसाने तोच कागद तुझ्यापुढे धरला. स्वेच्छेने, म्हणाला, बाई, इथे लिहिलंय. तिथेच तुझं सगळं संपलं. तुला वाटलं असेल मॅडमनी लिहवून घेतलं. पण तुला संशय होता, नाहीतर नऊ वर्षं कोणी बहिणीशी अबोला धरत नाही.

झालं. लिहिलं.

माफ कर असं म्हणत नाही. तू करणार नाहीस, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही केलं नसतं. पण सत्तावीस तारीख जवळ आली. तुझं नाव सुचवू ना? एवढं सांग.

बारकी


२८ मार्च

ताई,

तुझं कार्ड बैठकीच्या दिवशीच, सकाळी आलं. 'मला माझं पाळणाघर आहे, तिथे बावीस पोरं माझी वाट बघतात. तुझ्या पापाची भरपाई म्हणून खुर्ची नको. तू का नाही गं?'

इतकं लांबलचक! मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलं.

तू का नाही. ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शपथ. महिनाभर आग ओकत होते, आणि स्वतःचं नाव स्वतःलाच सुचलं नाही. वीस वर्षं स्टुलावर बसलं की माणसाला आपल्या उंचीचा अंदाज राहत नाही.

अकरा वाजता आत गेले. टेबलाभोवती सात खुर्च्या आहेत, सातवीवर ते आपल्या बॅगा ठेवतात. मी बॅगा उचलल्या, स्टुलावर ठेवल्या, आणि खुर्चीत बसले. बँकवाल्यांची बॅग स्टुलावरून घसरून पडली.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, इतिवृत्त कोण लिहिणार?"

"ज्यांचं अक्षर चांगलं त्यांनी," मी म्हटलं आणि वही वकीलसाहेबांपुढे सरकवली. "मी आज विश्वस्त आहे. पान चौदा."

वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, ते कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात..."

"मीही कागदावरच सही करणार आहे, साहेब, भिंतीवर नाही. नियम एकोणीस. मी पुतण्यांच्या नेमणुकीला संमती देत नाही."

"तुम्ही खऱ्या अर्थाने विश्वस्त नाही आहात."

"बरं. तसं लिहा. मी विश्वस्त नाही, कधीच नव्हते. खाली सगळ्यांनी सह्या करा. देणगीदारांचं पत्र आलंय मला, माझा अनुभव मागतायत. चार ओळी लिहायच्या आहेत. हाच लिहिते."

ताई, वकीलसाहेबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही स्वतःच खणलेली. मॅडम टेबलाच्या काचेकडे बघत बसल्या.

पुतण्या गोड आवाजात म्हणाला, "मावशी, वैयक्तिक घेऊ नका."

"माझं तोंड न विचारता छापलंत. याहून वैयक्तिक काय असतं रे?"

मग डॉक्टरसाहेब चिडले. ते चिडले की हळू बोलतात. म्हणाले, "या संस्थेत आम्ही बाई-पुरुष, काळा-गोरा असलं काही मानत नाही."

"मानत नाही तर मोजलंत कशाला? आणि मोजलंत तर एकावर का थांबलात? साहेब, इथे येणारी प्रत्येक बाळंतीण आमच्या रंगाची. प्रत्येक सोबतीण आमच्या रंगाची. फरशी पुसणारी आमच्या रंगाची. या टेबलापाशी आलं की रंग बदलतो. तो आपोआप बदलत असेल, तर मला ती जादू शिकवा."

माझा आवाज चढला होता. आणि तुला सांगते, खाली आणावासा वाटलाच नाही.

कॉलेजवाल्यांनी विचारलं, "पण मग तुमच्या मते कोण?" ते नेहमी झोपलेले असतात, काल जागे होते.

तुझं कार्ड पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "मी."

"तुमचं शिक्षण?"

"बारावी. आणि अकराशे बाळंतपणं. तुमची किती?"

बँकवाले फस्सकन हसले. मोठ्याने. मग डॉक्टरसाहेबांकडे बघून रुमालात खोकले, पण हसायचं ते हसून झालं होतं. आणि काय आश्चर्य, मॅडम बोलल्या. मान वर न करताच. "पाळ्या तीच लावते. सोबतिणींना तीच शिकवते. दवाखान्यांना पत्रं तीच लिहिते, मी फक्त सही करते. वर्षानुवर्षं हे काम तीच चालवतेय." डॉक्टरसाहेब मध्ये बोलायला गेले तर म्हणाल्या, "माझं वाक्य पुरं होऊ द्या."

वीस वर्षांत पहिल्यांदा! मी लिहून घ्यायला वहीकडे हात नेला, सवयीने. वही वकीलसाहेबांकडे होती.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. जागेची जाहिरात द्यायची, मुलाखती रीतसर घ्यायच्या, पुतण्यानेही अर्ज करायचा, आणि तोवर मॅडमनी थांबायचं. जिंकले का हरले कळत नाही. बाहेर आल्यावर तुझं कार्ड काढून परत वाचलं. शिपायाने न मागता चहा आणून दिला, आणि माझ्यासमोर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात कप ठेवला.

बारकी


२४ एप्रिल

ताई,

हे पत्र जाड आहे, आतला कागद आधी काढू नकोस. आधी मी सांगते ते ऐक. मोठी असलीस तरी ऐक.

मुलाखत झाली. वकीलसाहेबांनी शेवटचा डाव टाकला. म्हणाले, विश्वस्ताला स्वतःच्याच नेमणुकीला संमती देता येणार नाही. मी म्हटलं, कबूल. मी विश्वस्तपद सोडते, पण आधी माझ्या जागी सोबतिणींमधल्या दोघींना घ्या, त्यांना विचारून, त्यांच्या तोंडून हो ऐकून. मग संमती त्या दोघींनी द्यावी. दोघींपैकी एक म्हणजे ती लंगडी, तू पहिल्यांदा शिकवलेली. ती नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "या बाईने माझ्या पाळ्या लावताना कितीदा घोळ घातलाय! तरी हीच हवी."

मतं झाली; पुतण्या अर्जदार, त्याला मत नव्हतं. चार विरुद्ध तीन. चारांत मॅडम होत्या, आणि कोण? बँकवाले. ती बॅग पडली तेव्हाच मला वाटलं होतं.

तर तुझी बहीण संचालक आहे. कागदावर आणि प्रत्यक्षात. पुतण्या भेटायला आला, पेढेबिढे नाही, नुसता हात मिळवला. मी त्याला म्हटलं, सोमवारी माझ्याबरोबर प्रसूतिकक्षात ये, उभं राहायला शिकवते. येतो म्हणालाय. बघू किती वेळ टिकतो.

हुरळून गेले नाहीये. डॉक्टरसाहेब अजून 'बाई' म्हणून हाक मारतात आणि मॅडमना 'मॅडम' म्हणत. दवाखान्याच्या बैठकीत कालच एकाने मला विचारलं, तुमचे साहेब कधी येणार? मी म्हटलं, आल्या. बसा. रोज भांडावं लागणार आहे. लागू दे. मला आता त्याची भूक लागलीय.

आता तो कागद काढ.

संचालक म्हणून मी पहिल्या बैठकीत पहिला विषय घेतला, जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती. डॉक्टरसाहेब म्हणाले, नऊ वर्षांपूर्वीचं कशाला उकरता? मी म्हटलं, कारण ते खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय. सगळ्यांपुढे म्हटलं, ताई. कोणते शब्द माझे, तेही सांगितलं. लंगडी माझ्याकडे अशी बघत होती, तू त्या दिवशी बघितलंस तशी. या वेळी मी वहीत बघितलं नाही.

मग कच्ची वही उघडली आणि उभं राहून वाचलं. ते असं आहे:

'दुरुस्ती. सदर बाईंनी स्वेच्छेने राजीनामा दिला नाही, व कारण घरगुती नव्हते. त्यांना माफीपत्र लिहून देण्यास सांगण्यात आले. त्यांनी पुढील शब्दांत नकार दिला: "माफी लिहीन की. पण आवाज चढवला याची नाही. उशिरा चढवला, याची लिहीन. आणि ती तुम्हाला नाही, त्या बाईला लिहीन." त्यानंतर त्यांना कामावरून काढण्यात आले. मूळ नोंद चुकीची होती. ती इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईने, त्यांच्या धाकट्या बहिणीने, केली होती.'

डॉक्टरसाहेबांनी सही केली नाही. बाकी सगळ्यांनी केली. मॅडम आता मंडळावर नाहीत, तरी येऊन केली.

तुझ्यासाठी खाली जागा ठेवलीय, बघ, लंगडीच्या सहीशेजारी. हा कागद घेऊन तू हव्या त्या कचेरीत जा. कोणी 'स्वेच्छेने' म्हणून काही दाखवलं तर हा दाखव. हवं तर मला साक्षीला बोलाव, मी येईन, उभी राहीन, आणि मोठ्याने बोलेन.

पटलं नाही तर फाडून परत पाठव. मी दुसरी प्रत काढेन. कितीही काढेन.

पटलं तर सही कर. कार्डावर नको, कागदावर कर. पूर्ण नावाने. बापाच्या नावासकट.

बारकी